जुनं कंपाउंड धनुष्य घेताना : आधी मुलीचं माप, मग सामान

आजच्या बोलण्याचा विषय तुम्हीच दिलेला आहे. अलीकडे गटाच्या बैठकांतून एक प्रश्न वारंवार आमच्यापर्यंत येतो. मुलगी शाळेत तिरंदाजी शिकते, हात चांगला बसलाय, आता कंपाउंड धनुष्य हवं म्हणते. नवं घ्यायची ऐपत नाही. कुणीतरी वापरलेलं धनुष्य विकायला काढलंय, सोबत पेटीभर सामान देतोय. घ्यावं का? आणि त्या पेटीतलं काय कामाचं, काय बिनकामाचं?

प्रश्न रास्त आहे. स्पर्धेत चालेल असा नवा पूर्ण संच लाखाच्या वर जातो. वापरलेला त्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि नीट पारखून घेतला तर वर्षानुवर्षं साथ देतो. न पारखता घेतला तर गटाचं कर्ज फिटेपर्यंत धनुष्य कोपऱ्यात पडून राहतं, नाहीतर पोरीचा खांदा दुखावतो. म्हणून आज सगळं टप्प्याटप्प्यानं सांगतो. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

सगळ्या बोलण्याचं सार आधीच सांगून टाकतो : आधी मुलीचं माप, मग धनुष्य, मग सामान. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

हे धनुष्य वेगळं कशात?

आपल्याकडच्या स्पर्धांत तीन प्रकार दिसतात. बांबूच्या साध्या धनुष्याचा इंडियन राउंड, ऑलिंपिकमध्ये असतो तो रिकर्व्ह, आणि तिसरा कंपाउंड. कंपाउंड म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं धनुष्य. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलिस विल्बर ॲलन यांनी 1966 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे हे धनुष्य आपल्या रामायण-महाभारतातल्या धनुष्याच्या मानानं अगदी कालचं पोर आहे.

या चाकांना कॅम म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाचं चाक गोल असतं, कॅम मात्र मुद्दाम लंबुळके, वेडेवाकडे असतात. दोरी ओढायला लागलं की आधी जोर लागतो, आणि पुरती ओढून झाली की एकदम हलकं वाटतं. या हलकं होण्याला लेट-ऑफ म्हणतात. हिशोब बघा. धनुष्य 40 पौंडांचं आहे, म्हणजे ओढताना साधारण 18 किलोचा जोर लागतो. लेट-ऑफ 70 टक्के असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात फक्त 12 पौंड उरतात, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. सुरुवातीला भरलेली बादली, आणि नेम धरून थांबताना पाच किलोच्या पिठाची पिशवी. म्हणूनच कंपाउंडवर नेम शांतपणे धरता येतो.

आणि या धनुष्यावर आपल्या राज्यातल्या मुलांनी जग जिंकलंय. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात तिनं 150 पैकी 149 गुण मिळवले. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद घेतलं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. तेव्हा पोरगी कंपाउंड म्हणते ते उगाच नाही.

शिकारीचं धनुष्य आणि स्पर्धेचं धनुष्य

विकायला येणारी बरीच जुनी कंपाउंड धनुष्यं मुळात शिकारीसाठी बनवलेली असतात. अमेरिकेत हरणाची धनुष्यानं शिकार करायचा परवान्याचा हंगाम असतो, आणि तिथले कारखाने त्या गिऱ्हाइकासाठीच जास्त माल काढतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. तेव्हा आपल्या हातात आलेलं धनुष्य मूळचं कशाचंही असो, आपलं काम एकच : कागदाच्या गोल लक्ष्यावर नेम.

फरक ओळखायचा कसा? शिकारीचं धनुष्य आखूड असतं, कारण ते घेऊन झाडीतून फिरायचं असतं. वरच्या आसापासून खालच्या आसापर्यंत ते साधारण 28 ते 33 इंच भरतं. स्पर्धेचं धनुष्य लांब, 36 ते 40 इंचांच्या आसपास. लांब धनुष्य हातात जास्त स्थिर राहतं. शिकारीचं धनुष्य बहुधा ताकदीलाही जास्त असतं, 60-70 पौंडांचं. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत कंपाउंडला 60 पौंडांच्या वर परवानगी नाही, आणि शिकणाऱ्या मुलीला तर 60 सुद्धा फार झाले.

मग शिकारीचं धनुष्य घ्यायचंच नाही का? तसं नाही. ज्या मुलीची ओढ कमी लांबीची आहे तिला थोडं आखूड धनुष्य चालून जातं. शिकायला, तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत जायला ते पुरतं. अट एवढीच की ते तिच्या मापाला येत असावं आणि धडधाकट असावं. हेच आता बघू.

पहिलं काम : मुलीचं माप

पोलक्याचं माप घेतल्याशिवाय आपण कापड कापत नाही. इथंही तसंच. तीन गोष्टी मोजायच्या.

एक, ओढीची लांबी. हिला ड्रॉ लेंथ म्हणतात. मुलीला भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायला लावा. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरा. जितके इंच येतील त्याला अडीचनं भागा. साठ इंच आले तर ओढ 24 इंच. हा अंदाज असतो, शेवटचं माप प्रशिक्षक बघून ठरवतात. पण धनुष्य बघायला जाताना हा आकडा वहीत हवाच.

रिकर्व्हचं धनुष्य थोडं कमीजास्त ओढून चालतं. कंपाउंड चालत नाही. कॅम ठरलेल्या जागी अडतो, दोरी त्यापुढे येत नाही. 29 इंचांवर लावलेलं धनुष्य 24 इंचांच्या मुलीनं ओढलं तर ती मागे झुकते, डावा खांदा वर चढतो, कोपर ताठ होतं आणि सुटलेली दोरी हाताला फटका मारते. चार महिन्यांत खांदा धरतो. म्हणून मोठ्या भावाचं, काकाचं धनुष्य "होईल मोठी, येईल मापाला" म्हणून घेऊ नका. फ्रॉक मोठा चालतो, कंपाउंड चालत नाही.

दोन, डोळा. मुलीला दोन्ही तळहात पुढे करून मधे छोटं त्रिकोणी भोक करायला सांगा. त्यातून दूरची एखादी वस्तू, समजा देवळाचा कळस, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायला लावा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं कळस त्या भोकात तसाच दिसत राहतो तो तिचा नेमाचा डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्यानं ओढायचं. कंपाउंड दोन्ही बाजूंनी वापरता येत नाही, डावं ते डावंच.

तीन, ताकद. मुलीनं खुर्चीवर बसून, धनुष्य समोर सरळ धरून, ते आभाळाकडे न नेता दोरी मागे आणता आली पाहिजे. ओढताना हात थरथरत असतील, पाठ वाकत असेल तर पौंड जास्त आहेत. ही चाचणी प्रशिक्षकांसमोरच, बाण लावून आणि लक्ष्याकडे तोंड करूनच करायची. रिकामं धनुष्य ओढायचं नाही. का, ते पुढे येतंच.

दुसरं काम : जुनं धनुष्य पारखणं

आता मुलीच्या मापाची वही घेऊन धनुष्य बघायला निघा.

धनुष्याच्या हातांना लिंब म्हणतात. आपल्या दारातल्या कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं. बहुतेक धनुष्यांच्या लिंबवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो. त्यावर ताकद किती पौंड, ओढ किती इंच, दोरीची आणि केबलची लांबी किती, हे छापलेलं असतं. तो कागद वाचा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. मग विकणाऱ्याला विचारा : ओढ किती इंचांपासून किती इंचांपर्यंत बदलते? काही धनुष्यांत कॅमवरचा एक छोटा भाग सरकवून ओढ बदलते. काहींत तो भाग, ज्याला मोड्यूल म्हणतात, वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि काहींत अख्खा कॅमच बदलावा लागतो. तो जुन्या मॉडेलसाठी मिळतो का, हे आधी विचारून मगच पुढे बोला. नवशिक्यांसाठी बनवलेली काही धनुष्यं मात्र दहा-दहा इंचांपर्यंत ओढ बदलू देतात. वाढत्या वयाच्या मुलीला असं धनुष्य मिळालं तर ते आधी बघा.

मग अंग तपासा. कापसाचा बोळा घ्या आणि दोन्ही लिंबवरून, कडांवरून हळू फिरवा. कुठे कापसाचे तंतू अडकले तर तिथं तडा किंवा कूस आहे. असं धनुष्य कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. लिंब ताणलेला असताना तुटला तर तोंडावर येतो. बोट मात्र फिरवू नका, कूस घुसते.

तोच बोळा कॅमच्या कडेनं फिरवा. खाच पडलेली असेल तर ती दोरी कापत राहते. धनुष्य मागून बघा : दोरी कॅमच्या खोबणीत सरळ बसली आहे का, चाक एका बाजूला कलंडलंय का, मधला आस वाकलाय का. बैलगाडीचा आस वाकला की चाक कसं लटपटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथंही तेच दिसतं. ओढताना कुरकुर, कटकट आवाज आला तर कारण कळल्याशिवाय व्यवहार नको.

दोरी बघा. धागे फुलून केस उभे राहिल्यासारखे झाले असतील, गुंडाळलेला दोरा सुटला असेल, तर दोरी संपली. दोरीचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं, वापर जास्त असेल तर त्याहून कमी. विकणाऱ्याला दोरी कधी बदलली ते आठवत नसेल, तर नव्या दोरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. दोरी घरी बदलायची नाही. त्यासाठी बो प्रेस नावाचं, धनुष्य दाबून धरणारं यंत्र लागतं. पान्यानं, दोरखंडानं बांधून कुणी प्रयत्न केला तर हात जायचा.

शेवटचा प्रश्न विचारायलाच हवा : हे धनुष्य कधी रिकामं सुटलंय का? बाण न लावता दोरी सोडली की सगळी ताकद बाणाऐवजी लिंबमध्ये आणि कॅममध्ये जाते. एकाच वेळी आस वाकू शकतो, लिंब फुटू शकतो. म्हणूनच बघायला आलेल्या पोरांना, पाहुण्यांना "ओढून बघ रे" म्हणून धनुष्य देऊ नका.

तिसरं काम : सामान निवडणं

आता येऊ त्या पेटीकडे. जुन्या शिकारी धनुष्यासोबत बरंच सामान येतं आणि बघून डोळे दिपतात. आपण एकेक वस्तू काढू, आणि ज्या क्रमानं पैसे घालायचे त्याच क्रमानं काढू.

बाण. पहिला खर्च बाणांचा. प्रत्येक बाणाचा ताठपणा ठरलेला असतो, त्याला स्पाइन म्हणतात. बाणावर 500, 600, 700 असा आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. 65 पौंडांच्या धनुष्याचे ताठ बाण 35 पौंडांच्या मुलीच्या धनुष्यातून सरळ जात नाहीत, मुलगी मात्र स्वतःलाच दोष देत बसते. कोणता आकडा हवा हे पौंड, ओढ आणि बाणाची लांबी बघून कारखान्याच्या तक्त्यावरून काढतात. प्रशिक्षकांकडे तो तक्ता असतो.

लांबीचा नियम सोपा : थोडा लांब चालेल, आखूड नको. आखूड बाण ओढताना टेकूवरून मागे घसरतो आणि सुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. वजनाचाही नियम आहे. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, 15 ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम. दर पौंडामागे निदान 5 ग्रेन हवेत. 40 पौंडांच्या धनुष्याला 200 ग्रेन, म्हणजे 13 ग्रॅमच्या खालचा बाण नको. फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामं धनुष्य सोडणंच.

पेटीत पात्याच्या धारदार टोकाचे बाण असतील तर ती टोकं आधी काढून टाका. ती शिकारीची. ती लक्ष्य फाडतात, माणसालाही कापतात, आणि मैदानावर चालत नाहीत. आपल्याला साधी निमुळती टोकं हवीत. जुने कार्बन बाण घेतले तर प्रत्येक बाण दोन्ही हातांनी हलकेच वाकवून, कानाशी धरून ऐका. करकर आली, तडा दिसला तर तो बाण मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. ही तपासणी रोज, खेळण्याआधी.

रिलीज. कंपाउंडची दोरी बोटांनी ओढत नाहीत. दोरीवर मधोमध एक छोटा फास बांधलेला असतो, त्याला डी-लूप म्हणतात. त्यात रिलीज नावाचा आकडा अडकवून ओढतात आणि कळ दाबली की दोरी सुटते. डी-लूप जुना असेल तर नवा बांधून घ्या, खर्च अगदी किरकोळ असतो. रिलीज दोन तऱ्हांचे : मनगटाला पट्ट्यानं बांधायचा आणि बोटानं दाबायचा, किंवा मुठीत धरून अंगठ्यानं दाबायचा. शिकाऊ मुलीला मनगटाचा सोपा, कारण हातातून सुटायची भीती नाही. मात्र तो पुरुषी हाताच्या मापाचा असतो. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही सैल राहत असेल तर दुसरा घ्या. दोरी ओढताना बोट कळीवर कधीच ठेवायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

टेकू, म्हणजे रेस्ट. बाण ज्यावर टेकतो तो भाग. शिकारीच्या धनुष्यावर बहुधा गोल ब्रशसारखा रेस्ट असतो. ब्रशच्या केसांमध्ये बाण चहूबाजूंनी अडकून राहतो, खाली पडत नाही. स्पर्धेतले खेळाडू पातळ पोलादी पात्याचा किंवा बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट वापरतात. पण शिकताना ब्रशचा रेस्ट वाईट नाही. तो असेल तर वर्षभर तोच वापरा आणि वाचलेले पैसे बाणांना लावा.

पीप आणि साइट. दोरीत बसवलेलं बारीक भोक म्हणजे पीप, आणि धनुष्यावर पुढे लावलेली नेमाची खूण म्हणजे साइट. पीपच्या भोकातून साइट बघायची. पीपची उंची प्रत्येकीच्या चेहऱ्याप्रमाणे बदलते. मुलीनं डोळे मिटून दोरी ओढायची, नेहमीच्या जागी हात गालाला टेकवायचा, मग डोळे उघडायचे. भोक बरोबर डोळ्यासमोर आलं पाहिजे. मान खाली-वर करावी लागली तर पीप हलवून घ्या. विकणाऱ्याची पीप त्याच्या चेहऱ्याची होती, हे विसरू नका.

शिकारीच्या साइटला तीन ते पाच बारीक टाचण्या असतात, एकेक टाचणी एकेका अंतरासाठी. स्पर्धेच्या साइटला एकच खूण असते, ती वरखाली सरकते, पुढे भिंग असतं आणि खाली गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा असतो. धनुष्य कललं की बुडबुडा सांगतो. सुरुवातीला टाचण्यांच्या साइटनं शिकता येतं. पुढे 50 मीटरवर खेळायची वेळ येते. तिथं लक्ष्याचा कागद 80 सेंटिमीटरचा आणि दहा गुणांचा गोल अवघा 8 सेंटिमीटरचा असतो. तेव्हा सरकती साइट लागतेच. तोवर थांबा. बॅटरीवर चालणारं काही साइटवर असेल तर त्याला जादा पैसे देऊ नका, स्पर्धेच्या नियमांत विजेवर चालणारी साइट बसत नाही.

स्टॅबिलायझर. धनुष्याच्या पुढे लावायचा लांब दांडा. डोंबारीण दोरीवरून चालताना हातात आडवी काठी धरते, तसाच त्याचा उपयोग. शिकारीचा दांडा वीतभर असतो, स्पर्धेचा हातभर आणि त्याहूनही लांब. दिसायला झोकदार, म्हणून मुलींना तोच आधी हवा असतो. पण लांब दांडा, त्यावर वजनं, म्हणजे धरलेल्या हातावर भार. खांद्यात ताकद येईपर्यंत आखूड दांडा पुरे. हा खर्च सर्वांत शेवटी.

बाकीचं. धनुष्याला अडकवायचा बाणांचा भाता शिकारीत लागतो. मैदानावर तो काढून ठेवा, कमरेचा भाता घरी जाड कापडाचा शिवता येतो. कोपराखाली बांधायचं रक्षक कवच आणि मनगटात अडकवायची दोरी, ज्यानं धनुष्य हातातून निसटत नाही, या दोन्ही स्वस्त आणि गरजेच्या. दोरीला लावायचं मेण घ्या. आणि एक चांगली पेटी किंवा पिशवी. पत्र्याच्या घरात, बंद गाडीत, उन्हात धनुष्य ठेवलं तर दोरी ताणते आणि लिंबला अपाय होतो. घरातल्या थंड कोपऱ्यात, लहान मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा.

गटाच्या पैशाचा हिशोब

समजा गटानं शंभर रुपये मंजूर केले. ते सगळे धनुष्यावर घालू नका. निम्मे धनुष्याला, निम्मे हातात राखून ठेवा. त्यातून दोरी, बाण, रिलीज आणि पीप बसवून घेण्याची मजुरी निघाली पाहिजे. शंभरचे शंभर देऊन धनुष्य घरी आलं आणि बाणांना पैसे नाहीत, तर ते भिंतीवर टांगायचंच झालं.

विकणाऱ्याशी बोलताना पेटीतल्या वस्तूंची यादी करून ज्या आपल्याला नकोत त्या त्यालाच ठेवायला सांगा आणि किंमत कमी करून घ्या. धारदार टोकं, अंधारात वापरायचे दिवे, मोठे ताठ बाण, यांचे पैसे आपण का द्यायचे? पैसे देण्याआधी प्रशिक्षकांना धनुष्य दाखवा आणि मुलीकडून त्यांच्यासमोर निदान दोन-तीन डझन बाण मारून घ्या. विकणारा याला तयार नसेल तर आपणही तयार नसावं. व्यवहाराची चिठ्ठी करा. धनुष्याचं मॉडेल, त्यावरचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या. दोन-तीन मुली एकाच गावात शिकत असतील तर लक्ष्याची गादी, मेण, पाने असं सामान गटाच्या नावानं एकत्र घेता येतं. धनुष्य मात्र सामाईक घेऊ नका. दोघींची ओढ एक नसते, आणि रोज मापं बदलत बसलं की एकीचाही नेम बसत नाही.

आणि मैदान

गावात जागा भरपूर, म्हणून धोका नाही असं समजू नका. 40 पौंडांच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साठ-सत्तर मीटर जाऊ शकतो. कडब्याच्या पेंढीतून तो आरपार निघतो. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध हवा, आणि त्यामागे रस्ता, वस्ती, गुरांची वाट नको. सगळ्यांनी एकाच रेषेवर उभं राहून मारायचं, आणि सगळ्यांचे बाण संपल्यावर एकत्रच पुढे जाऊन काढायचे. वर आभाळाकडे बाण कुणीही सोडायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. कोंबड्या, कुत्री, माकडं यांच्यावर तर नाहीच नाही.

तर मैत्रिणींनो, गटाच्या वहीत चार प्रश्न लिहून ठेवा आणि चारींची उत्तरं मिळाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नका. मुलीची ओढ किती इंच, आणि हे धनुष्य तेवढ्यावर लागतं का? तिला ते बसून, न थरथरता ओढता येतं का? लिंब, कॅम आणि दोरी धड आहेत का, प्रशिक्षकांनी बघितलंय का? आणि बाण, दोरी, रिलीज यांना पैसे उरतात का?

चारही उत्तरं "हो" असतील तर बिनधास्त घ्या. रंग उडालेला असो, कुठे ओरखडा असो, त्यानं नेम चुकत नाही. एकही उत्तर "नाही" असेल तर मुलीला तसं सरळ सांगा. तिला राग येईल, थोडे दिवस बोलणार नाही. तोवर तिला मापाच्या बांबूच्या किंवा शाळेच्या धनुष्यावर सराव करू द्या. खांदा शाबूत असेल तर पुढच्या हंगामात दुसरं धनुष्य बघता येतं.

तुमच्या गावात तिरंदाजी शिकणाऱ्या मुली असतील तर त्यांचे प्रश्न आमच्याकडे नक्की पाठवा. पुढच्या वेळी बाणाची पिसं घरच्या घरी कशी चिकटवायची आणि दोरीला मेण कसं लावायचं, ते सांगू. तोपर्यंत नमस्कार.